आधी वाटाड्या ठरवा, मग डोंगर

पळसदरीच्या फलाटावर शनिवारी दुपारी दोन प्रकारची माणसं उतरतात. एक, हातात हार-नारळाची पिशवी घेतलेली, स्वामी समर्थांच्या मठाकडे जाणारी. त्यांना कुठे जायचं ते पक्कं माहीत असतं. दुसरी, पाठीवर सॅक अडकवलेली, फलाटावरच घोळका करून ‘आता कुठे?’ असं एकमेकांना विचारणारी. हा लेख या दुसऱ्या मंडळींसाठी आहे.

कर्जतहून खोपोली लोकलनं निघालं की पहिलंच स्टेशन पळसदरी. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. इथून पुढे रूळ फुटतात. पुण्याचे रूळ बोरघाट चढायला लागतात, खोपोलीचे केळवली, डोळवली, लौजी करत पायथ्यानं जातात. जवळच वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेनं बांधलेला जुना तलाव आहे. फेब्रुवारी-मार्चात आलात तर ज्याच्यावरून नाव पडलं तो पळसही फुललेला दिसेल. समोर सह्याद्रीची भिंत. मुंबईहून लोकलच्या तिकिटात इतका डोंगर मिळतो, म्हणून कर्जत-खालापूरचा हा पट्टा सोपा वाटतो, आणि माणसं फसतात ती इथेच. वाट चुकलेल्यांना हुडकायला खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’ किंवा लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ यांची स्वयंसेवक पोरं रात्री-अपरात्री दऱ्यांत शिरतात. त्यांनी कुणाला शोधून आणलं की दोन दिवस बातम्या येतात आणि पुढच्या शनिवारी तसाच एक नवा घोळका फलाटावर उभा असतो.

जंगलातली चाल आणि डोंगरातल्या गावात एक मुक्काम, असा बेत आपण बहुतेक उलट्या क्रमानं आखतो. आधी मोबाइलवर एखाद्या सुळक्याचा फोटो आवडतो, मग तारीख ठरते, मग मित्र जमतात, आणि अगदी शेवटी, आठवलंच तर, ‘अरे, वाट कोणाला माहितेय?’ माझं सांगणं असं, की आधी वाटाड्या ठरवा. मग रात्री कोणाच्या घरी टेकायचं ते ठरवा. मग ऋतू बघा. डोंगर कुठला हे त्या तिघांतून आपोआप ठरतं.

या घाटात वाटाड्याचा मान जुना आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं गेलात तर बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ लागतं. शिंगरोबा धनगर. घाटातून वाट कुठून काढावी हे साहेबाला उमगेना, तेव्हा ती त्यानं दाखवली. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबानं त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. खरी किती, ते इतिहासकार बघोत. घाटातल्या लोहमार्गाचं काम 1856 साली सुरू होऊन 1863 साली पुरं झालं, सदतीस फुटांना एक फूट असा त्या मार्गाचा चढ आहे, सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार कामावर येताच वारला आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, काम पुढे नेलं, हे सगळं कागदावर आहे. पण लोकांनी देऊळ बांधलं ते वाट दाखवणाऱ्याचं.

आता आजचा वाटाड्या. तो दोन जातींचा असतो. एक मुंबई-पुण्याचा ट्रेक-आयोजक, जो गटाची यादी, गाडीची वेळ, प्रथमोपचाराची पेटी सांभाळतो. दुसरा गावातला माणूस, कमरेला आकडी आणि तिच्यात कोयता अडकवलेला, जो डोंगर सांभाळतो. दोघं असतील तर उत्तम. एकच मिळणार असेल तर मी डोळे मिटून दुसरा घेईन.

आयोजकाबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी फोन करून थोडी उलटतपासणी करा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 साली आलं आणि त्यानुसार अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, तेव्हा नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. किती जण येणार? पन्नास-साठ असतील तर तो ट्रेक नाही, वरात आहे. नेतृत्व करणारा याच वाटेनं याच ऋतूत आधी गेला आहे का? सगळ्यांच्या मागे कोण चालणार? किती वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोचलो नाही तर परत फिरणार? आणि शेवटचा, खरा प्रश्न: स्थानिक वाटाड्या कुठल्या वाडीचा? ‘त्याची गरज नाही, आमच्याकडे जीपीएस ट्रॅक आहे’ असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. जानेवारीत चाललेल्या माणसाचा ट्रॅक ऑगस्टमधल्या ओढ्याचं पाणी दाखवत नाही.

हे मी अनुभवानं सांगतो. एका नोव्हेंबरात आम्ही पाच जण असाच कुणाचातरी ट्रॅक मोबाइलवर घेऊन एका सोंडेवरून उतरत होतो. वाट छान मळलेली. पदरातल्या रानात शिरलो, वाट रुंद झाली, मग तिला चार फाटे फुटले, मग आठ, आणि शेवटी कारवीत सगळेच नाहीसे. दुपारचे चार. पाणी अर्धी बाटली. तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी समोरून आली. आम्ही वाट विचारली तर आधी पोटभर हसली. ‘ती वाट नाय बाबा, गुरांची हाय. गुरांना काय तुमच्या ठेसनावर जायचाय?’ मोळीसकट आमच्यापुढे चालत तिनं आम्हाला धारेवर आणून सोडलं. ढोरवाट आणि पायवाट यांतला फरक मला त्या दिवशी कळला: गुरं चरायला पांगतात म्हणून त्यांच्या वाटा फुटत जातात, आणि माणसाला कुठेतरी पोचायचं असतं म्हणून त्याच्या वाटा जुळत जातात. वाटेला फाटे फुटत चालले की जिथे शेवटची खात्री होती तिथवर मागे जायचं. पुढे जाऊन ‘बघू’ म्हणायचं नाही.

आयोजक नको असेल तर वाटाड्या मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे ज्या घरी मुक्काम करणार त्या घरालाच विचारणं. ते कोणालातरी पायथ्याशी पाठवतात, नाहीतर पायथ्याच्या गावातलं नाव सुचवतात. मजुरी आधी बोलून घ्या: दिवसाची किती, परतीची चाल धरून किती, मुक्कामाच्या रात्रीचं काय. तो शेतावरची किंवा नाक्यावरची रोजी बुडवून तुमच्याबरोबर येतो हे ध्यानात असू द्या. त्याचं जेवण तुमच्याकडे. शेवटी स्टेशनावर उभं राहून घासाघीस करणाऱ्यांना मी पुन्हा बरोबर नेत नाही. आणखी एक गोष्ट, जी फार थोडे लोक पाळतात. पाऊस बघून, पाणी बघून किंवा तुमच्यातल्या एकाचे पाय बघून वाटाड्यानं अर्ध्यातून मागे फिरवलं तरी मजुरी पूर्ण द्यायची. परत फिरवल्याचे पैसे कापलेत, तर पुढच्या गटाला तो परत फिरवणार नाही.

निघताना त्याला आपल्याबद्दल खरं सांगा. दमा, रक्तदाब, गुडघा, उंचीची भीती, कालचं जागरण, सगळं. मुंबईचा माणूस डॉक्टरला सांगतो ते वाटाड्याला सांगत नाही आणि मग कड्याच्या आडव्या वाटेवर त्याचे पाय लटपटायला लागतात. चालताना त्याच्या मागे राहा. तो भरभर चालतो म्हणून पळू नका, हाक मारा, तो थांबतो. वयानं मोठा असला तर ‘दादा’ किंवा ‘काका’ म्हणा. ‘ए गाइड’ म्हणणारे मी ऐकले आहेत. आणि त्याला झाडांची नावं विचारा. ऐन, हिरडा, बेहडा, कुंभा, धायटी, सावर अशी एकेक ओळख होत गेली की नुसतं ‘जंगल’ दिसायचं बंद होतं. ही विचारपूस कामाचीही असते. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात; खाजकुइलीच्या शेंगांना हिवाळ्यात धक्का लागला तर पुढचा दिवस खाजवण्यात जातो. ती शेंग मऊ मखमली दिसते आणि नवख्याचा हात नेमका तिच्याकडेच जातो.

बरं, जायचं कुठे? पहिल्यांदाच मुक्कामाला जाणार असाल तर मी राजमाची किल्ल्याची उधेवाडी सुचवेन, तीही कर्जतच्या बाजूनं. लोणावळ्याकडून तुंगार्लीमार्गे पंधराएक किलोमीटरचा लांबलचक, बहुतांशी सपाट रस्ता आहे आणि त्यावरून जीपगाड्या जातात, त्यामुळे ती बाजू आपण परतीला किंवा अडचणीला ठेवू. कर्जतहून रिक्षा किंवा टमटमनं कोंदिवड्याला यायचं. तिथून तासा-सव्वातासात कोंढाणे लेणी. लेण्यांपाशी थांबा, नुसते फोटो काढून पळू नका. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या सोळा लेण्यांत चैत्यगृहाचं दर्शनी काम लाकडाच्या घराची हुबेहूब नक्कल करणारं आहे, आणि तिथल्या ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बालक यानं हे घडवल्याची नोंद आहे. कारागिरानं आपलं नाव कोरून ठेवल्याची उदाहरणं आपल्याकडे किती थोडी. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून धबधबा पडतो आणि तिथे जत्रा भरते. दिवाळीनंतर तुम्ही आणि माकडं.

लेण्यांच्या पुढे खरा चढ. घसारा, मग कातळ, मग रान, मग पुन्हा चढ, असं दोन-तीन तास चालल्यावर माथ्याच्या जरा खाली उधेवाडी येते. कोंदिवड्यापासून धरून चार-पाच तास मोजा, त्यात अर्धा तास दमणाऱ्यांसाठी घाला. सकाळी आठनंतर चढायला लागलात तर उन्हात भाजाल. गावाच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ, खाली उदयसागर तलाव आणि जवळ शिवाचं जुनं देऊळ. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीबरोबर हा मुलूख घेतला. बोरघाटावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही, हे श्रीवर्धनवर उभं राहिलं की पटतं. दुसऱ्या दिवशी पहाटे चढायला तो ठेवा.

आपले पाय किती चालतात याचा अंदाजच नसेल तर आधी एक रविवार पळसदरीजवळच्या सोनगिरीला द्या. बोरघाटाच्या तोंडावरचा हा टेहळणीचा डोंगर आहे, वर बघायला फार काही उरलेलं नाही, त्यामुळे गर्दी नाही. त्यात धाप लागली तर राजमाची महिनाभर पुढे ढकला. इथे एक ताकीद: वाट सापडत नाही म्हणून रेल्वेच्या रुळांवरून चालू नका. एकेकाळी ठाकुरवाडी, मंकी हिलच्या बाजूनं बोगद्यांतून चालणं हा ट्रेकर मंडळींचा आवडता उद्योग होता आणि त्याच्या गमतीजमती अजून सांगितल्या जातात. तो गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी समोरून येते की मागून हे आवाजावरून कळत नाही.

ढाकच्या बहिरीला मात्र पहिल्या खेपेला जाऊ नये. कड्यातली ती गुहा दोरखंड आणि रोवलेल्या खोडाच्या आधारानं गाठायची आहे आणि तिथे पडून माणसं मेलेली आहेत. त्या गुहेतली एक रीत तेवढी ध्यानात ठेवा: देवाची भांडी तिथे सगळ्यांसाठी ठेवलेली असतात. कोणीही वापरावी, घासून परत जागेवर ठेवावी. कुलूप नाही, वही नाही.

आता ऋतू. इथे मी जरा कठोर बोलणार आहे.

जुलै-ऑगस्टात डोंगरातल्या वाडीत मुक्काम करू नका. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच दोन-तीन महिन्यांत. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेपर्यंत चढतो. वर घाटमाथ्यावर पडलेला पाऊस तुम्हाला खाली दिसतही नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. गाडीरस्ता नव्हता, म्हणून मदत करणाऱ्यांना चिखलातून, पावसातून चढून जावं लागलं आणि यंत्रं वर नेता येईनात. इर्शाळगडाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या वाडीत वर्षानुवर्षं पाणी प्यायलेलं होतं, ओट्यावर बसून चहा-भाकरी खाल्लेली होती. ज्यांच्या घरी आपण ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून एक रात्र राहतो, ती माणसं त्याच उतारावर तीनशे पासष्ट रात्री काढतात. पावसात त्यांनी ‘येऊ नका’ म्हटलं तर कारण विचारू नका.

पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढतं. कर्जत-खालापूरची ठिकाणं त्यांत असतात. आदेश बघूनच निघा. आणि बंदी असो-नसो, पळसदरीच्या तलावात पोहायला उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्यानं चांगल्या पोहणाऱ्यांचेही जीव घेतले आहेत.

चांगला काळ म्हणजे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. ऑक्टोबर बघायला देखणा, पण त्याचा उकाडा पावसाळ्यापेक्षा जास्त माणसांना आडवं करतो. मार्चनंतर पाणी आटतं. एप्रिल-मे महिन्यांत गावातल्या बाया हंडाभर पाण्यासाठी उतरून-चढून जातात, आणि आपण त्यांच्याकडे हात-पाय धुवायला बादली मागतो. त्या दिवसांत गेलातच तर आपलं पाणी आपण न्यायचं आणि दोन मगांत भागवायचं. त्याच सुमारास करवंदं पिकतात, मेअखेरीस काजवेही सुरू होतात. काजव्यांनी लगडलेलं झाड ज्यानं पाहिलं तो विसरत नाही. पण काजवे चमकतात ते जोडीदाराला बोलावण्यासाठी; तुमच्या विजेरीच्या झोतात ती हाक बुडते. अंधारात उभं राहा, फोन खिशात. फोटो तसाही येत नाही.

सामानाच्या याद्या सगळीकडे मिळतात, म्हणून थोडक्यात. तळव्याला खाचा असलेले, आधी महिनाभर वापरलेले बूट. नवे बूट घालून डोंगरावर येणारा परतताना ते हातात घेऊन येतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, गूळ-शेंगदाणे. डोक्याला बांधायची विजेरी, कारण कोंढाण्याच्या उतारावर दोन्ही हात मोकळे लागतात. शिट्टी. स्वतःची चादर. सुटे पैसे, कारण वर रेंज मिळेलच असं नाही. नेहमीच्या गोळ्या, आणि त्या कुठे ठेवल्यात हे सोबत्याला माहीत असणं. अत्तर-सेंट लावून येऊ नका; कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा त्यांना सहन होत नाही. मोहोळ उठलं तर ओरडत हात झाडू नका. तोंड-डोकं झाका आणि झाडीकडे लांब निघून जा.

साप दिसणं हे भाग्याचं, चावणं दुर्मिळ. तरी नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप या भागात आहेत, म्हणून पाय ठेवण्याआधी बघायचं, दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, रात्री बाहेर जाताना विजेरी आणि बूट हवेतच. चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, भगताकडे न्यायचं नाही. अंगठी, कडं, पैंजण काढा. मोडलेल्या हाताला बांधतात तशी फळी त्या अवयवाला बांधा. माणसाला चालू देऊ नका. गावातले लोक दोन वेळू आणि घोंगडीची झोळी किती झटपट करतात ते अशा वेळी कळतं. सापाच्या विषावर उतारा एकच, प्रतिविषाची लस, आणि ती दवाखान्यात मिळते. खाली कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. 108 आणि 112 हे दोन आकडे पाठ हवेत, आणि दरीत रेंज नसते म्हणून फोन लागणारी जागा कुठली हे वाटाड्याला चढतानाच विचारून ठेवा. खरं तर सापापेक्षा मुरगळलेला घोटा आणि न प्यायलेलं पाणी यांनी जास्त सहली मोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि आता रात्र. याच्यासाठी तर आलो.

मुक्कामाचं घर म्हणजे लॉज नव्हे, कोणाचं तरी घर आहे. किती माणसं, शाकाहारी किती, किती वाजता पोचणार, हे दोन दिवस आधी कळवा. गावठी कोंबडी हवी असेल तर तेही तेव्हाच. पोचल्यावर मागाल तर एखाद्या घरची अंडी देणारी कोंबडी कापली जाते. संख्या घटली तर सांगा, कारण तांदूळ, तेल, डाळ खालच्या बाजारातून पाठीवरून किंवा जीपनं वर येते. माणशी दर काय, त्यात चहा-नाश्ता धरला आहे का, हेही आधीच बोलावं. पैसे घरच्या बाईच्या हातात द्यावेत असं माझं मत आहे. स्वयंपाक तिनं केलेला असतो.

दारात बूट काढा. जमीन सारवलेली असेल तर ओल्या अंगानं तिच्यावर लोळू नका. चुलीवरची तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात असं ताट समोर येईल. पावसाच्या सुरुवातीला गेला असाल आणि नशीब असेल तर शेवळं, टाकळा, करटोली, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, अशी रानभाजीही मिळेल. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो. म्हणून रानातून स्वतः खुडून आणण्याचा उत्साह दाखवू नका, ज्यांचं ज्ञान आहे त्यांच्या हातची खा. ताटात टाकू नका. ‘गावचं जेवण किती साधं’ असं तोंडावर म्हणू नका. मावशींना भाकरी थापताना बघत चुलीशी बसायचं असेल तर विचारा; बहुतेकदा पाट सरकवून देतात. फोटोही विचारूनच.

पोरांना चॉकलेटं वाटू नका. कौतुकानं वाटलेल्या चॉकलेटांमुळे पुढच्या गटापुढे तीच पोरं हात पसरतात, आणि आईबापांना ते बघावं लागतं. काही द्यायचंच असेल तर शाळेत चौकशी करून वह्या-पुस्तकं गुरुजींकडे द्या. दारूबद्दल एकच वाक्य: आणू नका, मागू नका, वाटाड्याला पाजू नका. स्पीकर घरी ठेवा. ‘आम्ही गाणी लावली तर चालेल ना?’ असं विचारलं तर गावचा माणूस नाही म्हणणार नाही, कारण तुम्ही पाहुणे. म्हणून विचारूच नका. दिवसभर राबलेलं घर नऊला झोपतं आणि पहाटे उठतं. जागायचं असेल तर अंगणात बसा, हळू बोला. ओळीनं लाकडं ठोकल्यासारखा आवाज येईल तो रातवा. वाटाड्याला विचारलंत तर कुठल्या झुडपातून ते सांगेल. शेकोटी गावानं दाखवलेल्या जागी, त्यांनी दिलेल्या लाकडांची. राखीव जंगलात आग लावणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतरच्या वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते.

शौचालयाची सोय काय, हे बायकांनी आणि पुरुषांनीही आधी विचारून घ्यावं. त्यात संकोचासारखं काही नाही. उघड्यावर जायची वेळ आलीच तर विहीर, ओढा, तलाव यांच्यापासून लांब, खड्डा करून, माती लोटून. सॅनिटरी पॅड, वेफर्सच्या पिशव्या, बाटल्या सगळं परत खाली. गावात कचरागाडी येत नाही. तुमचं प्लास्टिक एकतर त्यांच्या चुलीत जळतं नाहीतर त्यांच्या गुरांच्या पोटात जातं. देवराईत शिरलात तर काटकीसुद्धा उचलू नका. गावानं पिढ्यान्‌पिढ्या न तोडता राखलेली झाडं आहेत ती.

पहाटे श्रीवर्धन चढून या. हिवाळ्यात उल्हास नदीच्या दरीत धुकं भरलेलं असतं आणि ते वर येता येता ऊन त्याला खाली ढकलतं. नाश्ता करून नऊपर्यंत उतरायला लागा. गुडघे फुटतात ते उतरताना. काठी घ्या, पावलं छोटी टाका, घसाऱ्यावर एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचा दगड जाणार नाही इतकं अंतर ठेवा. ज्यांचे पाय बोलायला लागले असतील त्यांनी हट्ट सोडून लोणावळ्याकडची जीप धरावी. खोपोलीच्या लोकल मोजक्या आहेत, म्हणून पळसदरीला उतरलेल्यांनी परतीची वेळ जाताना फलाटावरच बघून ठेवावी. चुकली तर रिक्षानं कर्जत गाठा, तिथून मुंबईकडे गाड्या भरपूर.

निरोप घेताना वाटाड्याचा फोन नंबर घ्यायला कोणी विसरत नाही, पण तो लावायला विसरतात. वर रेंजमध्ये येऊन तो संध्याकाळी वाट बघत असतो, की शहरातली माणसं नीट पोचली का. घरी पोचलात, पाय धुतलेत, की आधी त्याला एक फोन करा.